‘का’ वगळून

सीबीएसजवळ, कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं टेबल.
वर ताडपत्री, खाली मशीन. त्यातला ‘ळ’ अर्धाच उमटतो,
उरलेला मी पेनाने पुरा करतो.
एकवीस वर्षं लोकांचे अर्ज बडवतोय.
माणूस स्टुलावर बसतो तेव्हा त्याच्या तोंडात
एकच शब्द असतो, विड्यासारखा चघळलेला:
का.

नळाला पाणी का नाही.
यादीत नाव का नाही.
साहेब जागेवर का नाहीत.

मी म्हणतो, ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत.
कागद मागा.
कागद कपाटात असतो.
‘का’ कुठल्या कपाटात ठेवतील?

इंदुमती पगारे आल्या त्या सोमवारी,
सातपूरची रात्रपाळी उरकून, डब्याची पिशवी हातात तशीच.
“गल्लीतला दिवा दोन वर्षं बंद.
पोरी क्लासवरून येतात,
अंधारात एकमेकींना हाका मारत येतात,
कोण कुठवर आली ते कळावं म्हणून.
लिहा: का?”

मी लिहिलं:
प्रति, जनमाहिती अधिकारी, विद्युत विभाग.
विषय एकच. (दोन घातले की अर्ज परत.)
सदर खांबावरील दिवा बसविल्याचा दिनांक.
दुरुस्ती नोंदवहीची साक्षांकित प्रत.
ठेकेदारास अदा केलेल्या देयकांच्या प्रती.
वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.
आणि पोच घ्या बाई, शिक्क्यासकट.
पोच नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता.

“किती शब्द झाले?”
बासष्ट. दीडशेपर्यंत चालतात.
“मग उरलेले?”
उरलेले उरले.
त्या जराशा रेंगाळल्या,
जणू मी सुट्टे परत दिले नव्हते.

तीस दिवस गेले. एकतिसाव्या सकाळी पुन्हा स्टुलावर.
उत्तर नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प, पहिलं अपील.
त्या भडाभडा बोलत होत्या, मी टाईप करत होतो
फक्त तारखा.
कागदावर राग दिसत नाही,
तारखा दिसतात.

मग लिफाफा आला. पानं सव्वीस, पैसे शून्य.
मुदत उलटली की माहिती फुकट द्यावी लागते,
एवढं कलम मला झोपेतही पाठ आहे.
आम्ही दोघांनी चहा थंड होईस्तोवर वाचलं:

दिवा सुस्थितीत. दिवा सुस्थितीत. दिवा सुस्थितीत.
चोवीस महिने, चोवीस सह्या,
सगळ्या एकाच बैठकीतल्या, एकाच पेनाच्या.
देयक अदा.
म्हणजे दिवा जळत होता की!
नोंदवहीत. कपाट बंद करून.

मला वाटलं, आता शिव्या घालतील.
त्यांनी विचारलं, लॅमिनेशन कुठे होतं?

खांबाला तारेने बांधली ती नोंदवही, पानापान.
संध्याकाळी पोरी थांबल्या,
मोबाईलचे टॉर्च लावून
सह्या मोजू लागल्या मोठ्यांदा,
आणि दोन वर्षांत पहिल्यांदा
त्या खांबाखाली उजेड पडला.

नवव्या दिवशी शिडीची गाडी आली म्हणे.
मी पाहिली नाही. ऐकलेलं सांगतोय.

परवा त्या पुन्हा आल्या, शेजारच्या गल्लीतली एक बाई घेऊन.
रेशनच्या साठ्याचं काम.
या खेपेला मजकूर त्यांनीच लिहून आणलेला,
कॅलेंडरच्या जुन्या पानामागे:
दिनांक अमुक ते दिनांक तमुक, साठा नोंदवही, प्रत.
कुठे हात लावायला जागा नाही.
फक्त अगदी खाली, पेन्सिलीने, बारीक
एक ‘का’.

“तुम्ही तो काढणार, ठाऊक आहे.
पण लिहिल्यावाचून राहवलं नाही.”

मी कागद चढवला. मजकूर उतरवला.
शब्द मोजले: अठ्ठ्याऐंशी.
बोट ‘क’वर तसंच.

जागा होती.